दहा डॉलरची जमीन

शुक्रवार, एडमंटन

ताई आणि भावजी मिलवुड्समध्ये राहतात. एडमंटनच्या आग्नेयेला असलेला हा भाग पंजाबी दुकानं आणि गुरुद्वारे यांनी गजबजलेला आहे. जुलैमध्ये इथे रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो. काल मध्यरात्री पोचले, आज सकाळी चहा घेता घेता भावजींनी सांगितलं की त्यांचं घर उभं आहे ती जागा पूर्वी पापासचेस नावाच्या, क्री या इथल्या मूळ रहिवाशांच्या टोळीच्या राखीव जमिनीत होती. १८८८ मध्ये सरकारने ती राखीव जमीन त्या लोकांच्या हातून काढून घेतली. ‘एडमंटन बुलेटिन’ या वर्तमानपत्राचा मालक फ्रँक ऑलिव्हर त्यासाठी हात धुऊन मागे लागला होता. हाच ऑलिव्हर पुढे खासदार झाला आणि युक्रेनमधून येणाऱ्या शेतकऱ्यांविरुद्धही त्याने तेवढ्याच जोराने लिहिलं. १९०५ मध्ये तो देशाचा गृहमंत्री झाला, म्हणजे वसाहत आणि जमिनीचं सगळं खातं त्याच्याच हातात गेलं.

मी इथे आले ती या युक्रेनियन शेतकऱ्यांसाठीच. आमचं मूळ मराठवाड्यातलं. आजोबांची जमीन वाटण्या होत होत चुलतभावांमध्ये गुंठ्यांवर आली आणि निम्मे भाऊ पुण्याला गेले. जमिनीचे तुकडे झाले की माणसं कुठे जातात हा प्रश्न मला लहानपणापासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गॅलिशियातले आणि बुकोविनातले शेतकरी याच प्रश्नाचं उत्तर शोधत अर्धं जग ओलांडून अल्बर्टात आले. हे दोन्ही प्रांत तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. १८४८ मध्ये वेठबिगारी संपली, पण जंगल आणि कुरणं जमीनदारांकडेच राहिली. सरपणाची काटकीसुद्धा मालकाला विचारून उचलायची. बापाचं शेत पोरांत वाटलं जाई, पोरांचं नातवांत.

दुपारी भावजींबरोबर गावात गेले. सेंट जोसाफॅट कॅथेड्रलचे सात घुमट लांबूनच दिसतात. १९३९ मध्ये काम सुरू झालेल्या या चर्चचा आराखडा फिलिप रू या धर्मगुरूचा. हा माणूस मूळचा फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरचा, पण कॅनडाच्या गवताळ प्रदेशात त्याने युक्रेनियन लोकांसाठी एकामागून एक मोठी चर्चेस बांधली. गावोगावचे शेतकरी सुतारकाम आणि मजुरी फुकट करत, म्हणून हे जमलं.

तिथून सिटी हॉलजवळच्या स्मारकाकडे गेलो. १९३२-३३ मध्ये स्टालिनच्या राजवटीत युक्रेनच्या खेड्यांतून धान्य ओरबाडून नेलं गेलं आणि लक्षावधी माणसं उपाशी मेली. त्या होलोदोमोरचं जगातलं पहिलं सार्वजनिक स्मारक १९८३ मध्ये इथे, एडमंटनमध्ये उभं राहिलं. तुटलेल्या वर्तुळासारखं शिल्प आहे. युक्रेनमध्ये तेव्हा या दुष्काळाचा उच्चारही करता येत नव्हता. अल्बर्टात जमीन कसायला आलेल्या पहिल्या पिढीची गावं मात्र त्या काळी सोव्हिएत हद्दीत नव्हती, पोलंड आणि रोमानियाकडे होती. होलोदोमोरची आठवण इकडे आणली ती दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांच्या छावण्यांमधून आलेल्या सुमारे ३५,००० लोकांनी. त्यांच्यात शिक्षक होते, वकील होते, कलावंत होते. आधीच्या शेतकऱ्यांशी त्यांचं सहज जमलं नाही, पण या स्मारकासाठी दोन्ही पिढ्या एकत्र आल्या.

शनिवार, हेरिटेज व्हिलेज

शहरापासून पूर्वेला येलोहेड हायवेने सुमारे ५० किलोमीटरवर युक्रेनियन कल्चरल हेरिटेज व्हिलेज आहे. १९७१ मध्ये समाजातल्या लोकांनी सुरू केलेलं हे खुलं संग्रहालय १९७५ मध्ये अल्बर्टा सरकारने घेतलं. आसपासच्या खेड्यांतली जुनी घरं, चर्चेस, हिलियार्डचं हॉटेल, बेलिसचं धान्याचं उंच लाकडी कोठार, सगळं उचलून इथे आणून वसवलं आहे. १८९२ ते १९३० एवढाच काळ इथे दाखवला जातो आणि काम करणारी माणसं त्याच काळातली होऊन तुमच्याशी बोलतात.

आत शिरताच पहिल्यांदा दिसला तो बुरदेय. जमिनीत खोदलेला खड्डा, त्यावर पॉपलरच्या वाशांचं उतरतं छप्पर आणि वाशांवर मुळासकट कापलेल्या गवताची ढेकळं उलटी रचलेली. आत वाकून जावं लागतं. मातीची भुई, एका बाजूला मातीची चूल, दोन फळ्यांची बाज. धुराचा वास भिंतींत मुरलेला. डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई चुलीत लाकूड सारत होती. मी विचारलं, पाऊस आला की काय करता? ती म्हणाली, “पाऊस बाहेर एक दिवस पडतो आणि आत तीन दिवस.” मग तिनेच मला विचारलं, तुमच्याकडे जमीन किती? मी सांगितलं, आता काहीच नाही. ती भूमिकेतून जराही न हलता म्हणाली, “मग नवऱ्याला सांगा, दहा डॉलर गाठीला बांधा आणि या.”

ते दहा डॉलर म्हणजे नोंदणीचं शुल्क. १८७२ च्या कायद्याने कॅनडा सरकार तेवढ्यावर १६० एकर जमीन देत असे. त्या जमिनीला होमस्टेड म्हणत. अट अशी की तीन वर्षं, दर वर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं आणि ठरावीक जमीन नांगराखाली आणायची. मगच मालकीचा कागद हातात. विधवा किंवा घराचा सगळा भार एकटीवर असलेली बाई सोडली तर बाईच्या नावावर होमस्टेड मिळत नसे.

ही बातमी गॅलिशियात कशी पोचली त्याची गोष्ट इथल्या पिलिपिव घरात ऐकली. नेबिलिव गावच्या इव्हान पिलिपिवला शेजारच्या जर्मन वस्तीतल्या लोकांकडून कळलं की त्यांचे नातलग कॅनडात जमिनी घेऊन बसलेत. तो आणि त्याच गावचा वासिल एलेनियाक ७ सप्टेंबर १८९१ रोजी ‘ओरेगॉन’ जहाजाने माँट्रियलला उतरले. जमीन बघून पिलिपिव बायकामुलांना आणायला परत गेला आणि गावात सांगत सुटला. ऑस्ट्रियाच्या पोलिसांनी लोकांना परदेशी जायला चिथावल्याबद्दल त्याला पकडलं, महिनाभर तुरुंगात ठेवलं. तो खटला इतका गाजला की सरकारला जे दाबायचं होतं तेच घरोघरी पोचलं. नेबिलिवच्या आणखी काही कुटुंबांनी बिऱ्हाडं बांधली आणि १८९४ मध्ये एडमंटनच्या पूर्वेला एडना नावाची वस्ती सुरू झाली. पिलिपिव नंतर इतका सावरला की १९०६ मध्ये त्याने बांधलेलं घर आज संग्रहालयात आहे, आणि ते गावाकडच्या त्याच्या घरापेक्षा नक्कीच मोठं असणार.

पण चार कुटुंबांच्या वस्तीचा लोंढा झाला तो एका शेतीतज्ज्ञामुळे. ल्विवचे प्राध्यापक ओसिप ओलेस्किव यांना दिसत होतं की आपले लोक ब्राझीलला जाऊन दलालांच्या हातून लुबाडले जात आहेत. १८९५ मध्ये त्यांनी कॅनडातल्या जमिनींची माहिती देणारी पुस्तिका काढली, त्याच उन्हाळ्यात स्वतः येऊन माती हातात घेऊन पाहिली आणि परत जाऊन लिहिलं की घाई करू नका, पैसे जवळ ठेवा, गट करून जा. दुसऱ्या बाजूला १८९६ मध्ये क्लिफर्ड सिफ्टन कॅनडाचा गृहमंत्री झाला. त्याला पश्चिमेची जमीन भरायची होती आणि इंग्लंडमधून पुरेसे शेतकरी येत नव्हते. त्याच्या खात्याने युरोपातल्या जहाज कंपन्यांच्या दलालांशी गुप्त करार केला. शेतकरी कुटुंबप्रमुख पाठवला की पाच डॉलर, घरातल्या बाकी प्रत्येक माणसामागे दोन. पुढे १९२२ मध्ये सिफ्टनने स्वतःच लिहिलं की मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, दहा पिढ्या मातीत राबलेला शेतकरी, त्याची धट्टीकट्टी बायको आणि अर्धा डझन मुलं, हा माल चांगला. १९१४ च्या महायुद्धापर्यंत असे सुमारे १,७०,००० लोक कॅनडात आले.

एक गोष्ट मला घरं बघताना नीट कळली. इंग्लिश वसाहतवाले उघड्या माळाची काळी जमीन निवडत. हे लोक मात्र उत्तरेकडचा झाडीचा, ओढ्यानाल्यांचा पट्टा मागून घेत, माती हलकी असली तरी. ज्यांना सरपणासाठी जमीनदाराच्या माणसाचा मार खावा लागला होता त्यांना स्वतःच्या मालकीचं जंगल म्हणजे काय वाटलं असेल! इथल्या घरांच्या भिंती आडव्या ओंडक्यांच्या, त्यावर माती, पेंढा आणि शेण पायांनी तुडवून केलेला गिलावा, वरून चुन्याचा हात. बुकोविनाच्या घरांना चारी बाजूंनी उतरतं, पुढे आलेलं छप्पर, गॅलिशियाच्या घरांना दोन पाखी साधं. घराचं तोंड दक्षिणेला. पूर्वेची मोठी खोली देवाच्या चित्रांची आणि पाहुण्यांची, पश्चिमेची छोटी खोली राहण्याची. त्या छोट्या खोलीचा पाव भाग मातीच्या भट्टीने व्यापलेला. तिच्यात भाकरी भाजायची, तिच्यावर हिवाळ्यात मुलं झोपायची.

बाया मात्र या घरांत एकट्या असत. जमीन चौकटींत मोजलेली होती. सहा मैल बाय सहा मैलांचा टाउनशिप, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक होमस्टेड. सम आकड्यांचे सेक्शन होमस्टेडला, विषम आकड्यांचे बहुतेक रेल्वेला, त्यातले दोन शाळेसाठी. गावाकडे घराला घर लागून, विहिरीवर रोज दहाजणी भेटायच्या. इथे शेजार अर्ध्या मैलावर, आणि त्याच जमिनीवर राहायचं ही कायद्याची अट. पहिल्या वर्षी हातात बैल नाही, पैसा नाही, म्हणून नवरे रेल्वेच्या कामावर किंवा कोळशाच्या खाणीत जात आणि बरेच महिने परतत नसत. बाई, मुलं, एखादी गाय आणि उणे चाळीसची थंडी. ताई इथे आली तेव्हा तिचा पहिला हिवाळा घरात बसून गेला होता. ती त्या भट्टीपाशी बराच वेळ उभी राहिली, काही बोलली नाही.

रविवार, स्टार, चिपमन, मंडेर

एडना वस्तीचं नाव पुढे स्टार झालं. आज तिथे मोजकी घरं, शेतं आणि चर्चेस आहेत. लॅमाँट तालुक्यात एकूण ४७ चर्चेस असल्याचं तिथले लोक अभिमानाने सांगतात. मोहरीसारख्या पिवळ्या कनोलाच्या शेतांमधून रस्ता सरळ जातो आणि दर काही मैलांवर एक घुमट वर येतो.

इतकी चर्चेस का, त्याचं एक कारण भांडण आहे. गॅलिशियाचे लोक ग्रीक कॅथलिक, म्हणजे विधी पूर्वेकडचे आणि निष्ठा रोमच्या पोपशी. त्यांचे पाद्री बहुतेक लग्न झालेले असत आणि रोमने उत्तर अमेरिकेत विवाहित पाद्री पाठवायला बंदी घातली होती. त्यामुळे एडनात लोक होते, पाद्री नव्हता. मूल जन्मलं तर बाप्तिस्मा कोण करणार, माणूस मेला तर शेवटचा मंत्र कोण म्हणणार? १८९७ मध्ये पोपला न मानणारे रशियन ऑर्थोडॉक्स मिशनरी आले, पैसे न घेता विधी करून गेले. वस्तीत दोन तट पडले आणि एकाच चर्चवर दोघांचा दावा लागला. कोर्टात सुरू झालेला हा खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. त्या काळी मुंबई हायकोर्टाचे दावेही शेवटी तिथेच जात. १९०७ मध्ये निकाल ऑर्थोडॉक्स बाजूने लागला. मातीच्या घरात राहणाऱ्या शेतकऱ्यांनी समुद्रापार वकील लावले, यात मला त्यांचा हट्ट दिसतो आणि त्यांची भीतीही. नव्या मुलखात माणसाला पहिल्यांदा आपलं म्हणून जे काही मिळतं ते कुणी हिसकावेल ही भीती.

चिपमनमध्ये वासिल एलेनियाकची कबर आहे. १८९१ ला माँट्रियलला उतरलेला हा माणूस १९५६ पर्यंत जगला. ३ जानेवारी १९४७ रोजी ओटावात कॅनडाच्या नागरिकत्वाची पहिली प्रमाणपत्रं दिली गेली, तेव्हा पंतप्रधान मॅकेंझी किंग यांच्या पंगतीत तोही होता. त्याआधी कॅनडाचे नागरिक कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होते. देशाचा पहिला कागद ज्यांना मिळाला त्यांत मेंढीच्या कातड्याच्या कोटातला एक शेतकरी असावा याची मला फार कदर वाटते.

मंडेरला १९०२ मध्ये बॅसिलियन या ग्रीक कॅथलिक संघाचे पाद्री आणि सिस्टर्स आल्या आणि शाळा, मठ, छापखाना अशी कामं उभी राहिली. आज गावात ४२ फूट उंच सॉसेजचा पुतळा आहे. लसूण घातलेलं सॉसेज इथल्या दुकानांतून सगळ्या अल्बर्टात जातं. आम्ही शाकाहारी, म्हणून पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या करंजीसारखा पदार्थ, खाल्ली आणि पुढे निघालो.

सोमवार, व्हेग्रेव्हिल

जगातलं सर्वांत प्रसिद्ध पिसांका, म्हणजे ईस्टरचं रंगवलेलं अंडं, इथे हवेवर फिरतं. १९७५ मध्ये उभारलेलं हे अंडं ३१ फूट उंच आहे, अॅल्युमिनियमच्या साडेतीन हजारांहून जास्त पैलूंचं, आणि वजन सुमारे २,२७० किलो. युटा विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड रेश यांनी त्याचा आराखडा केला.

पण खरी पिसांका मी गावातल्या एका बाईंच्या स्वयंपाकघरात पाहिली. त्यांच्या आजी-आजोबांनी १८९९ च्या सुमारास इथे जमीन घेतली होती. पांढरं कच्चं अंडं, मेणबत्ती, आणि काडीला बांधलेली तांब्याची बारीक नळी. नळी ज्योतीवर धरायची, मधमाश्यांच्या मेणाला टेकवायची आणि अंड्यावर रेघ ओढायची. जी जागा पांढरी राहायला हवी तिथे आधी मेण. मग पिवळ्या रंगात बुडवायचं, पिवळं राहायला हवं तिथे पुन्हा मेण, मग नारिंगी, मग लाल, शेवटी काळा. या टप्प्यावर अंडं काजळीने माखलेल्या गोट्यासारखं दिसतं, नक्षी कुठेच नाही. बाईंनी ते ज्योतीच्या कडेला धरलं, वर नाही, नाहीतर काजळी धरते, आणि मऊ कापडाने पुसलं. एका पुसण्यात सगळे रंग वर आले. माझा पहिला प्रयत्न त्यांनी शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, हात अंड्यावर नाही, अंडं हातात फिरवायचं.

याच परिसरात १९१३ मध्ये शाळांचा संघर्ष झाला. युक्रेनियन शिक्षकांकडे अल्बर्टाचं प्रमाणपत्र नाही म्हणून सरकारने त्यांना काढलं आणि इंग्लिश शिक्षक पाठवले. पालकांनी कर भरायचं नाकारलं, काही ठिकाणी सरकारी शाळेशेजारी स्वतःची शाळा बांधली. ते हरले. पण त्यांच्या नातवंडांनी तो मुद्दा सोडला नाही. १९७१ मध्ये कायदा बदलला आणि १९७४ पासून एडमंटनच्या सरकारी शाळांत इंग्लिश-युक्रेनियन द्विभाषिक वर्ग सुरू झाले. अल्बर्टात जन्मलेल्या तीन-चार पिढ्यांनंतरही मुलं शाळेतले काही विषय या भाषेत शिकत होती. परदेशातल्या आपल्या रविवारच्या मराठी शाळा मला माहीत आहेत, त्या चालवणाऱ्यांची धडपडही माहीत आहे. म्हणून या गोष्टीपाशी मी थांबले.

याच मागणीतून देशाचं धोरणही बदललं. १९६४ मध्ये युक्रेनियन वंशाचे सिनेटर पॉल युझिक यांनी पहिल्याच भाषणात म्हटलं की कॅनडा म्हणजे फक्त इंग्लिश आणि फ्रेंच नव्हे. ८ ऑक्टोबर १९७१ रोजी पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी संसदेत बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी विनिपेगला युक्रेनियन समाजाच्या अधिवेशनात जाऊन ते सांगितलं. आज इथे गुरुद्वारे, गणपती आणि ढोल यांना जी सहज जागा मिळते तिच्यामागे या शेतकऱ्यांची नातवंडं आहेत. भावजींना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. त्यांचा वर्क परमिटचा अर्ज व्हेग्रेव्हिललाच आला होता. २०१८ पर्यंत केंद्र सरकारचं इमिग्रेशन अर्जांचं मोठं कार्यालय या गावात होतं.

मंगळवार, पाकान

उत्तरेला नॉर्थ सस्कॅचुअन नदीच्या काठी व्हिक्टोरिया सेटलमेंट आहे. १८६२ मध्ये मेथडिस्ट मिशनरी जॉर्ज मॅकडूगलने वसवलेली ही वस्ती, मेटी लोकांची, म्हणजे युरोपीय आणि मूळ रहिवासी अशा मिश्र वंशाच्या लोकांची, नदीपासून मागे लांबट पट्ट्यांच्या शेतांची. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या कारकुनाचं १८६४ मधलं लाकडी घर अजून त्याच जागेवर उभं आहे. १८८७ मध्ये गावाचं नाव पाकान झालं, क्री नेता जेम्स सीनम ऊर्फ पाकान याच्यावरून. १८७६ मध्ये सरकार आणि क्री लोक यांच्यात जमिनीबद्दल झालेल्या सहाव्या कराराखाली त्याने सही केली होती.

इतके दिवस मी ज्या मोकळ्या जमिनीच्या गोष्टी ऐकत होते, ती मोकळी कशी झाली ते इथे समजतं. १८८० पर्यंत या माळावरचे बायसन संपले होते. क्री लोक उपाशी होते. करार झाला आणि त्यांच्या वाट्याला राखीव जमीन आली, पाच माणसांच्या कुटुंबाला एक चौरस मैल या हिशेबाने. पाकानला वाटलं होतं की त्याच्या लोकांना कितीतरी मोठा प्रदेश कबूल झाला आहे. पुढे मेटी आणि क्री लोकांच्या १८८५ च्या उठावानंतर राखीव जमिनीबाहेर पडायला क्री माणसाला सरकारी अधिकाऱ्याचा परवाना लागू लागला. हा परवाना लागत असतानाच गॅलिशियातल्या माणसाला दलालांना पैसे देऊन बोलावलं जात होतं.

युक्रेनियन शेतकऱ्यांना हे सगळं माहीत होतं असं मी म्हणणार नाही. ते भुकेने आले होते, नकाशा त्यांनी आखला नव्हता. काठावर एका तरुण क्री मार्गदर्शकाशी बोलले, तो म्हणाला की त्याच्या पणजीला युक्रेनियन बायका पीठ देत आणि ती त्यांना मुळं, बोरं आणि औषधी दाखवत असे. दोन्हीकडच्या बायका एकमेकींची भाषा न कळता एकमेकींचा हिवाळा पार पाडत होत्या. हे मला कुठल्याही फलकावर वाचायला मिळालं नव्हतं.

रेल्वे पाकानला बाजूला ठेवून स्मोकी लेक या गावावरून गेली. दुकानं तिकडे गेली, आणि गाव ओसरलं.

बुधवार

पाऊस. घरीच.

गुरुवार, कॅसल माउंटन

पहाटे निघालो तरी बॅन्फला पोचायला दुपार झाली, जवळजवळ ४०० किलोमीटर. बो व्हॅलीचा जुना रस्ता पाइनच्या झाडीतून जातो, एका वळणावर कॅसल माउंटनची तटबंदीसारखी भिंत समोर येते. पर्यटक थांबून फोटो काढतात. तिथेच रस्त्याच्या कडेला एका माणसाचा ब्रॉंझचा पुतळा आहे, पाठीशी डोंगर, आणि फलकावर इंग्लिश, फ्रेंच आणि युक्रेनियनमध्ये एकच प्रश्न: का?

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. या शेतकऱ्यांच्या कागदांवर जन्मस्थान ऑस्ट्रिया-हंगेरी होतं, म्हणजे शत्रूचा देश. सुमारे ८०,००० लोकांना पोलिसांत नाव नोंदवून हजेरी द्यावी लागली. देशभरच्या २४ छावण्यांत ८,५७९ जणांना डांबलं गेलं आणि त्यांपैकी ५,००० हून अधिक युक्रेनियन होते. बहुतेक जण कुणाचे हेर नव्हते, मंदीत नोकरी गेलेले मजूर होते. काहींच्या बायकामुलांनाही छावणीत जावं लागलं. जुलै १९१५ मध्ये इथे तंबू ठोकले. बॅन्फहून लेक लुईसकडे जाणारा हाच रस्ता त्यांनी खडक फोडून बांधला, दिवसाला २५ सेंट मजुरीवर. हिवाळ्यात त्यांना बॅन्फच्या केव्ह अँड बेसिन या गरम झऱ्यांच्या जागेजवळच्या बराकीत हलवत. शंभराहून अधिक कैदी वेगवेगळ्या छावण्यांत मेले. युद्ध १९१८ ला संपलं, शेवटची छावणी १९२० मध्ये बंद झाली. १९१७ मध्ये शत्रुदेशात जन्मलेल्या, १९०२ नंतर नागरिक झालेल्या माणसांचा मताधिकारही काढून घेतला. त्याच वर्षी फिलिप कोनोवाल नावाचा युक्रेनियन सैनिक हिल ७० च्या लढाईत कॅनडासाठी लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवत होता.

याच १९१४ च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ ही बोट ३७६ भारतीयांना घेऊन व्हँकूव्हरला आली होती. त्यांतल्या बहुतेकांना उतरू दिलं नाही, जुलैमध्ये परत पाठवलं. एकाला बोलावून डांबलं, दुसऱ्याला दारातूनच हाकललं, आणि हे सगळं अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने.

केव्ह अँड बेसिनच्या प्रदर्शनात छायाचित्रं आहेत. काटेरी तारेमागे उभे असलेले पुरुष, काहींच्या अंगावर गावाकडचा तोच कोट. छावण्यांची बरीच कागदपत्रं १९५० च्या दशकात सरकारने नष्ट केली. त्यामुळे अनेक घरांत आजोबा दोन वर्षं कुठे होते हे नातवंडांना कळलंच नाही आणि जे परतले तेही बोलले नाहीत. २००५ मध्ये संसदेने या कैदेची दखल घेणारा कायदा केला आणि २००८ मध्ये स्मृतिकार्यासाठी एक कोटी डॉलरचा निधी दिला. पुतळ्यापाशी गाड्या थांबतात ती बहुतेक डोंगरासाठी. मला वाटतं, फलकावरचं ते एका शब्दाचं वाक्य प्रत्येकाने वाचून जावं.

शनिवार, पुन्हा एडमंटन

ताईच्या ओळखीच्या एका बाईंनी चर्चच्या तळघरात बोलावलं. फ्रीझरसाठी पिरोही करायच्या होत्या. लांब टेबलं, पिठाने पांढरी झालेली कापडं, पंधरावीस जणी, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. कणीक लाटून वाटीने गोल कापायचे, मधे बटाटा-चीजचा गोळा ठेवायचा, दुमडून करंजीला मुरड घालावी तशी कडा चिमटत न्यायची. हे मला लगेच जमलं आणि त्या सगळ्यांनी मला त्यांच्या ओळीत बसवून घेतलं. एका आजींचे आजोबा १८९८ ला आले होते, या आजींना बुरदेय आठवत नव्हता, पण छपरावरचं गवत हिरवं असतं आणि शेळी तिथे चढते हे त्यांच्या आईने सांगितलेलं आठवत होतं.

माझ्या शेजारी खारकिवची एक तरुण बाई होती. २०२२ पासून आणीबाणीच्या परवान्यावर सुमारे तीन लाख युक्रेनियन कॅनडात आले, ती त्यांतली. २०२१ च्या जनगणनेत इथे युक्रेनियन मुळांचे साडेबारा लाखांहून अधिक लोक होते. म्हणजे ही बाई एका मोठ्या घरात आली होती आणि तरीही त्या आजींशी बोलताना चाचपडत होती, कारण तिची भाषा शहरातली, आजींची शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातली. घरी ती अभियंता होती, इथे एका गोदामात काम करते. कॅनडात नातेवाईक असलेल्या युक्रेनियनांसाठी कायम वास्तव्याचा जो वेगळा मार्ग निघाला होता तो तिला लागू झाला नाही. तिचं इथे कुणी नव्हतं. तिचा तीन वर्षांचा परवाना संपत आला होता.

तिने भावजींना विचारलं की परवाना वाढवायला किती दिवस आधी अर्ज करावा लागतो. भावजींनी हात पुसले, मोबाइल काढला आणि फॉर्मचे क्रमांक तिला एकेक करून सांगायला लागले. पगाराच्या पावत्या जपल्या आहेत का? मालकाचं पत्र आणलं आहे का? मुलाच्या शाळेचा दाखला? ती कागदाच्या पिशवीवर पेन्सिलने लिहून घेत होती. पलीकडच्या आजींनी टेबलावर थाप मारून सांगितलं की पीठ सुकतंय, आधी हे संपवा, आणि आम्ही तिघंही पुन्हा कडा चिमटायला लागलो.